उन्हात वाळवलेली पूड

मंजुळाच्या हाताला म्हैस दूध देत नाही, हे खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं कारणही लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिच्या हातांना सुकटीचा वास येतो. जन्मभर जवळा वाळवला, बोंबील वाळवले, मांदेली खारवली. आता साबण काय करणार? ती जवळ बसली की म्हैस नाक वर करते, मागचा पाय आपटते आणि पान्हा चोरते. पान्हा म्हणजे दूध नव्हे. दूध खाली उतरवायची म्हशीची मर्जी. मंजुळा स्वतःही हे हसत सांगायची. हसणं परवडत होतं, कारण धार काढायला भिवाजी होता.

भिवाजी तिचा नवरा. डोंबिवलीच्या पश्चिमेला टॉवर संपतात आणि खाऱ्या चिखलाचं खाजण सुरू होतं, तिथे त्यांचं घर. खाडी एका दिवसात मेली नाही. आधी पाण्याला रंग आला, मग वास आला, मग जाळ्यात मासळीऐवजी चिंध्या आणि फेस येऊ लागला. एका सकाळी भिवाजीने अर्धवट वर आलेलं जाळं तसंच पाण्यात सोडून दिलं, घरी येऊन हात धुतले, आणि पुन्हा धुतले. पुढे त्याने होडी विकली आणि कल्याणच्या बाजारातून म्हशी आणल्या.

"कोळ्याच्या दारात म्हस!" शेजारचे ओरडले. "आता वाण्याच्या दारात होडी बांधा रं!"

ज्या मुठीने दोर ओढले त्याच मुठीने भिवाजी सड पिळायला शिकला, आणि असा शिकला की टॉवरमधल्या बाया पिशवीचं दूध सोडून किटल्या घेऊन त्याच्या दारात उभ्या राहू लागल्या.

म्हशी आल्या, आटल्या, गेल्या. या धंद्याची रीतच तशी. म्हैस भाकड झाली की व्यापारी टेम्पो घेऊन येतो, तिला नेतो आणि ताजी व्यालेली देतो. नेलेली कुठे जाते हे विचारायचं नसतं. मंजुळानेही कधी विचारलं नव्हतं.

शेवटी एकटी बगळी राहिली. आली त्या दिवशी तिच्या पाठीवरून एक बगळा काही केल्या उतरेना, म्हणून ते नाव. तिचं पारडू आल्याआल्याच मेलं. मग ती दावणीला उभी राहून रेकत राहिली आणि कासेला कुणाला हात लावू देईना. भिवाजी तिच्याशेजारी जाऊन बसला. धार काढायचा प्रयत्नच त्याने केला नाही, नुसता कासेवर हात ठेवून बसून राहिला, दुपार कलेपर्यंत. तेव्हा कुठे ती पान्हावली. त्या दिवसापासून ती एका हाताची म्हैस झाली. अशा म्हशी असतात. गोठेवाल्यांना त्या माहीत असतात आणि ते त्यांना घाबरून असतात.

मागच्या थंडीत भिवाजीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

तो इस्पितळात होता तेवढे दिवस मंजुळाने बगळीपुढे हात जोडले, घमेलंभर पेंडीचं आंबोण ठेवलं, भिवाजीचा सदरा अंगात घातला. बगळीने लाथ मारून बादली भिंतीवर उडवली. पलीकडच्या तबेल्यातला एक गडी बोलावला, त्याने पाय बांधून काय थोडं निघालं ते काढलं. भिवाजी परत आला तो पाय फरफटत, तोंड वाकडं झालेलं. दारात टेकलासुद्धा नाही. भिंतीला धरून सरळ गोठ्यात गेला. त्याला पाहून बगळी अशी रेकली की टॉवरच्या खिडक्यांत माणसं आली.

तेव्हापासून तोच धार काढत होता. डावा हात काम करायचा. उजवा सडावर ठेवला की तिथेच राहायचा, किनाऱ्यावर पडलेल्या ओल्या दोरासारखा. आणि दूध घटत चाललं.

"ती आटत नाय," भिवाजी म्हणायचा. त्याचे अर्धे शब्द आता ओठांतच राहत. "माझा हात आटलाय. तिला कळतंय."

"अवो, यंदाचा पेंढा बघा, निव्वळ काड्या. त्याचं काय दूध व्हायचं?"

"हात," भिवाजी म्हणायचा आणि ताट सरकवायचा.

आधी अर्धं ताट सरकायचं, मग सगळं. मंजुळाच्या हळूहळू ध्यानात आलं की हा माणूस बादली बघून जेवतो. बादलीत जेवढं कमी, तेवढा तो कमी. उपाशीपोटी गोळ्या देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि गोळ्या चुकवू नका, असंही बजावलं होतं.

मुलगा जयेश भिवंडीकडच्या गोदामात कामाला जायचा. तो वाईट नव्हता. "आये, देऊन टाक तिला," तो म्हणाला. "बाबाला आराम पडेल."

"ती गेली का तुझा बाबापण गेला," मंजुळा म्हणाली. "आपला हात वाईट, असं मनात घेऊन तो उठायचाच नाय मग. एकदा, फक्त एकदा दूध वाढू दे. हात तोच आणि दूध जास्त, एवढं त्याच्या डोळ्याला दिसू दे. मग ने तिला कुठं न्यायचीय ती."

विठ्ठलवाडीला जगनचं पशुखाद्याचं दुकान होतं. पेंड, चुनी, भुसा तिथूनच यायचा. जगन तबेल्यातच वाढलेला, त्याला जनावर कळायचं. मंजुळाने गाऱ्हाणं सांगितलं तेव्हा त्याने मागच्या फळीवरून एक पाकीट काढलं.

"मावशी, हे एन्झाइम. पाचक पूड समज. पेंढा म्हणजे काय, लाकूडच. म्हशीच्या पोटातले जंतू ते फोडत बसतात. ही पूड काड्या मऊ करते, मग खाल्लेलं जास्त अंगी लागतं. आंबोणात कालवायची, एवढीशीच. आणि थंड, कोरड्या जागी ठेव हां."

"दूध वाढेल?"

"वाढेल थोडं. जादू नाय ए."

वाढेल, एवढंच मंजुळा घरी घेऊन आली. बाकीचं तिने दुकानातच ठेवलं.

तिने भिवाजीला सांगितलं नाही. आंबोणात पूड टाकायची आणि बाजूला उभं राहायचं. बगळी चाटूनपुसून खाऊ लागली, शेण बदललं, त्यात काड्या दिसेनाशा झाल्या. आणि एका सकाळी बादलीतला फेस, बादलीला मधोमध पोचा पडला होता, तिथवर आला. कितीतरी दिवस तो तिथवर आला नव्हता. भिवाजी बादलीत बघत राहिला. मंजुळाने तेव्हा पुडीची गोष्ट सांगितली.

"बघा, चाऱ्याचंच होतं सगळं. हात तर तोच हाय ना तुमचा?"

भिवाजीने डाव्या हाताने उजवा उचलून डोळ्यांसमोर धरला, जसा काही बाजारातून नुकता आणलाय.

"तोच हाय," तो म्हणाला.

त्या दिवशी तो कालवण मागून मागून जेवला. वाकड्या तोंडातून रस्सा हनुवटीवर ओघळत होता आणि मंजुळा तो पदराने पुसत होती, तोच "राहू दे गो, लहान पोर हाय काय मी?" असं म्हणून त्याने तिचा हात झटकला. लग्न झाल्यापासून त्याने तिला हजारदा झटकलं असेल. हे झटकणं तिने जपून ठेवलं.

पण थंड आणि कोरडी अशी जागा खाडीकाठच्या घरात नसते. थंड असते ती ओली असते आणि कोरडी असते ती पत्र्याखाली तापलेली. मंजुळाने पाकीट मागच्या खोलीत पाण्याच्या माठाआड ठेवलं होतं. चैत्राची खारी हवा आत शिरली आणि एका सकाळी तिच्या हाताला पुडीचे दगड लागले. जगनकडे जायचं सुचण्याआधी हातांनाच सुचलं. तिच्या आईने, आजीने ओल लागलेल्या प्रत्येक गोष्टीचं जे केलं तेच तिने केलं. जवळ्याची चटई घासून धुतली, सुकवली, पत्र्यावर अंथरली. खडे फोडून पूड पातळ पसरली. डोक्यावर ऊन चढलं तशी तळहाताने वरखाली केली, कावळे हाकलत तिथेच बसून राहिली. संध्याकाळी पूड कशी सुटसुटीत, खडखडीत झाली होती. बोटांत चोळून तिने डबा भरला. बिघडू पाहणारी वस्तू उन्हाने वाचवायची, हे एक काम तिला जगात कुणापेक्षाही चांगलं येत होतं.

फेस पोच्यापासून खाली उतरला.

आधी मंजुळाने मनाशी म्हटलं, उन्हाळा आहे. मग म्हटलं, माश्या फार आहेत. चिमटीऐवजी दोन चिमटी पूड टाकली. फेस आणखी खाली गेला, मग फेसच राहिला नाही. तळाला नुसतं दूध हलायचं. भिवाजी आता "हात" असंही म्हणत नव्हता. एका सकाळी तो धार अर्धवट टाकून उठला, जयेशला म्हणाला, "टेम्पो बोलाव," आणि भिंतीकडे तोंड करून निजला. दुपारी जेवला नाही. रात्री जेवला नाही. मंजुळाने गोळी पुढे केली.

"कंला घेऊ ती?" भिवाजीने विचारलं. रागाने नव्हे, खरोखरच कळेनासं झाल्यासारखं.

जयेशने फोन केला. व्यापारी म्हणाला, उद्या दुपारी येतो.

सकाळीच मंजुळा उरलेली पूड फडक्यात बांधून जगनकडे गेली. जगनने गाठ सोडली, चिमूट नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"ही माझी पूड? हिला वास कसला मारतोय?"

"जवळ्याचा असंल. चटई धुतली होती रे मी."

"कसली चटई?"

मंजुळाने सांगितलं. जगनने कपाळावर हात मारला. "अगं मावशी! एन्झाइम आहे ते! आधी ओल, वरून पत्र्यावरचं ऊन. तिथल्या तिथं मेलं. सुकट केलीस तू त्याची! इतके दिवस म्हशीला माती चारतेस."

ही आता रडणार, असं जगनला वाटलं. पण मंजुळाचा चेहरा उजळला. असा की जगन जरा दचकलाच.

"म्हणजे माझ्यामुळं झालं? नक्की माझ्यामुळं?"

"मग काय माझ्यामुळं?"

"हातामुळं नाय ना?"

"कुणाच्या हातामुळं?"

"दुसरी दे," मंजुळा म्हणाली. "लवकर दे, दुपारी टेम्पो येतोय."

जगनने फळीवरून पाकीट काढलं, तिच्यापुढे धरलं आणि धरूनच ठेवलं. "थांब. दूध किती घटलं?"

"बादलीच्या पोच्यापर्यंत यायचं. आता तळ झाकत नाय."

त्याने पाकीट पुन्हा फळीवर ठेवलं. "एवढं पुडीने घटत नाय, मावशी. पूड जिवंत असती तरी पेलाभराचा फरक. बाकीचं कुठं गेलं? धार कोण काढतं?"

"हे काढतात."

"वारं गेलेल्या हाताने?" जगनचा आवाज खाली आला. "मला एक सांग. धार झाल्यावर कास कशी लागते? रिकामी, सुरकुतलेली? का भरलेली?"

धार झाल्यावर बगळीची कास धुवायचं काम मंजुळाचंच होतं. तेवढं बगळी तिला करू द्यायची. थंडीपासून रोज दोन वेळा तिच्या तळहातांना ती कास जड लागत होती, तटतटलेली, उजव्या बाजूला जास्त. हातांनी ते तिला कितीदा सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं नव्हतं.

"भरलेली," ती म्हणाली.

"मग झालं तर. दूध आत राहिलं की म्हशीला वाटतं, पिणारं कुणी उरलं नाही. ती बनवायचंच थांबवते. त्याला एन्झाइम काय करणार?"

"दुसऱ्या कुणी काढलं तर?"

"एका हाताची म्हैस ना ती? बघितलंस की हिवाळ्यात. आणि आता उशीर झाला, गाभणपण नाय." जगनने नजर वळवली. "काकांचा दोष नाय गं. पण हातच तो."

"तरी दे एक पाकीट."

"नको घेऊस. मी विकणारा सांगतोय, नको घेऊस."

परतताना रिक्षात तिच्या मांडीवर ते फडकं होतं. खड्ड्यांतून रिक्षा उडत होती आणि पुडीची धूळ तिच्या पातळावर बसत होती. जगाला खरं बोलण्याची घाई असते, ती का, हे मंजुळाला कधी कळलं नव्हतं. जगनने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक लहान होती, एका अडाणी बाईने पूड उन्हात घातली एवढीच. दुसरी तिच्या घरात मावणारी नव्हती. कोळीवाड्याच्या तोंडाशी उतरेपर्यंत तिने लहान गोष्ट मनात घोळून घोळून मोठी केली.

भिवाजी तसाच भिंतीकडे वळलेला होता. जयेश कामावर न जाता उंबऱ्यात बसला होता.

"अवो," मंजुळा म्हणाली. "माझ्या हातून घात झाला."

भिवाजी हलला नाही.

"पुडीला ओल लागली होती. मी ती पत्र्यावर वाळत घातली, जवळ्याच्या चटईवर. जगन म्हनला, मेली ती पूड. नुसती मेली नाय, पोटात जाऊन उलटली. त्याच्यानं आटली ती. हाताचा काय संबंध नाय म्हनला. असल्या हातानं लोक बादल्या भरतात म्हनला."

भिवाजी वळला. आधी मान, मग खांदा, मग उजवा हात मागून ओढत आणलेला.

"चटईवर?"

"जवळ्याच्या."

"सुकट केलीस? माझ्या म्हशीच्या औषधाची सुकट केलीस?" तो उठून बसला. "अगो भवाने, तुना डोस्कं हाय का खाऱ्याचं मडकं? मी इथं या हाताला शिव्या घालतंय, आन् तू पत्र्यावर बसून कावळे हाकतंस?"

दुखण्यानंतर एवढी लांब वाक्यं त्याच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. शेजारच्या बाया दारात आल्या. त्यांनाही त्याने ओरडून सांगितलं, "हिनं मारली माझी म्हस! हिच्या हातानं!"

"मंजुळे, बोंबील पण चारले असशील गो एखादवेळी!" एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मंजुळाही हसली असती. तेवढ्यात जयेश उठून उभा राहिला. "आये, मग सोपं आहे की! नवीन पूड आणू. टेम्पोला नाही सांगतो मी आत्ताच." त्याने फोन काढलासुद्धा.

याचा विचार तिने केलाच नव्हता. सगळ्या वाटेत केला नव्हता. भिवाजी तिच्याकडे बघत होता, तोंड उघडं, डोळ्यांत कितीतरी दिवसांनी पाणी नव्हे तर उजेड.

"आणलीस का नवी?" त्याने विचारलं.

नवी पूड आणायची, तर पुढचे दोन महिने रोज सकाळी रिकाम्या बादलीने त्याला खरं काय ते सांगितलं असतं. मंजुळाने फडकं जमिनीवर ठेवलं.

"आता उशीर झाला म्हनला जगन. भाकड झाली ती. मीच केली. जाऊ दे तिला."

टेम्पो दुपारी आला. भिवाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. गोठ्यापर्यंत जायला त्याने नकार दिला. सकाळी धार काढलेली नव्हती. व्यापाऱ्याच्या माणसांनी बगळीला टेम्पोला लावलेल्या फळीपाशी आणलं, आणि तिथून तिला भिवाजी दिसला. ती थांबली. खुर रोवून, मान वळवून तिने एकदा लांब रेकून घेतलं. मागून एक माणूस शेपूट पिरगळत होता, तरी ती हलेना.

मंजुळा तिच्या बाजूलाच उभी होती, म्हणून तिलाच ते आधी दिसलं. बगळी पान्हावली होती. उजव्या सडांतून दूध ठिबकत होतं, मग ठिबकायचं थांबून बारीक धार लागली आणि सिमेंटच्या रस्त्यावर तिचा ओला डाग पसरू लागला. मंजुळा दोन पावलं पुढे सरली. बगळी आणि दार यांच्या मधोमध ती उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून, पदर दोन्ही बाजूंनी पसरून, भांडायला आल्यासारखी. पायांखाली कोमट दूध आलं. ती त्यातच उभी राहिली.

"बाजूला हो!" भिवाजी दारातून ओरडला. "शेवटचं बघू पण देऊ नको तू मना!"

ती बाजूला झाली नाही. माणसांनी बगळीला वर ढकललं, फळी काढली, साखळी लावली. टेम्पो वळणाआड गेल्यावर तिने नळाखालची बादली आणून रस्ता धुवून काढला.

संध्याकाळी तिने भात आणि मांदेलीचं कालवण केलं. ताट वाढून भिवाजीपुढे ठेवलं, नेहमीसारखं काटे काढून द्यायला हात पुढे केला.

"हात काढ," भिवाजी म्हणाला. "तुझा हात लागला का मरतंय सगळं."

तिने हात काढला आणि ती दाराशी जाऊन बसली. भिवाजीने डाव्या हाताने काटा चाचपून बाजूला केला, घास घेतला, तिच्या माहेराचा उद्धार केला, आणखी एक घास घेतला. "जयेश, भात वाढ," तो म्हणाला. "तू वाढ. हिच्या हातचा नको." जयेशने तिनेच शिजवलेला भात वाढला आणि आईकडे एकदा बघितलं. समोर गोठ्याचं दार उघडंच होतं. मंजुळा गोठ्याकडे पाठ करून बसली होती. घरातून येत होतं तेवढं ती ऐकत होती: एक शिवी, एक घास, एक शिवी, एक घास.